चोवीस व्होल्टचा हीटर

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर
११ फेब्रुवारी २०२४

चिरंजीव लक्ष्मण यास रामकिसनकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा मार्ग. काल तुझी आई चौकात भेटली. मी विचारलं, "द्वारकाबाई, लक्ष्मण कसा आहे?" तर म्हणाली, "मामाच्या शेतावर पडून ऱ्हातो, दादा. माणसात येत नाय. जेवला तर जेवला, नाय तर नाय." चिठ्ठी दिली तर पोचवते म्हणाली. शेंद्र्याच्या कंपनीतली स्टोअरची नोकरी सुटल्यापासून पेन हातात धरलेलं नाही. अक्षर जरा लावून घे.

इकडचं म्हणशील तर दिवस चाललेत. वैजूला जाऊन महिना उलटला. घरी येणारी-जाणारी माणसं आता कमी झाली, ते एका अर्थी बरं झालं. काकूचे गुडघे दुखतात. ती सकाळी उठून अजून चार जणांचा चहा टाकते, मग लक्षात आलं की एक कप तसाच ओट्यावर ठेवून देते. कालिंदी आमच्याकडंच आहे. तिचे वडील माहेरी न्यायला आले होते, ती गेली नाही. बोलत नाही फारशी. डॉक्टर म्हणतात त्या रात्री बिघडलेली तब्येत सुधारतेय, पण चार घास खाल्ले की ताट सरकवते.

वैजू-कालिंदी फिरायला घेऊन गेले होते ती गाडी आली. वैजूच्या मित्रांनी तिकडून, बर्फाच्या डोंगरातून, ट्रकवर घालून आणवली. गल्लीत लिंबाच्या झाडाखाली उभी केलीय. पोरं पहिले दोन दिवस लांबून बघत होती, आता तिच्या आडून क्रिकेट खेळतात. मी रोज सकाळी एक फडकं मारतो. का मारतो ते विचारू नकोस.

तुला सांगायचं म्हणजे, तेराव्याच्या दिवशी काकू तुला दारात जे बोलली ते मनात ठेवू नकोस. तू खाली मान घालून उभा होतास आणि ती म्हणाली, "माझं लेकरू खाल्लंस, आता जेवायला आलास व्हय." मी बाजूलाच होतो. मला तिला आवरता आलं नाही. तू चप्पल तशीच टाकून अनवाणी गेलास, ती चप्पल मी कपाटामागं ठेवलीय.

लोक औरंगपुऱ्यात काय बोलतात तेही मला ठाऊक आहे. तुझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानाचं शटर महिनाभर खाली आहे, त्यामुळं त्यांना अजूनच जोर आलाय. बारा व्होल्टच्या गाडीला चोवीसचा हीटर जोडला, त्याचा गॅस आत झाला, पोरगं गेलं. असं चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा सांगतो, ज्यानं आयुष्यात व्होल्ट म्हणजे काय ते पाहिलेलं नाही.

पण मी पाहिलंय ना. मी तिथंच होतो. वैजूनं तो हीटर भंगारवाल्याकडून आणला तेव्हा किती खुशीत होता. परदेशी ट्रकमधला आहे म्हणून सांगत होता. तू उलटा करून पट्टी वाचलीस आणि म्हणालास, "वैज्या, हे चोवीसचं हाय. आपली गाडी बाराची." तो म्हणाला, "मग?" तू म्हणालास, "मग परत दे." त्यानं काही तो परत दिला नाही. तुझ्यामागं लागला, लक्ष्या तू करशील, तुला जमतं. आणि तू लागलास.

पहिल्यांदा तू बाराचं चोवीस करणारा तो छोटा डबा लावलास. पंखा फिरला, डिझेलच्या पंपाची टिकटिक सुरू झाली आणि पेटायच्या वेळेला सगळं बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. वायरीला हात लावला तर चटका बसला. मला तू समजावलंस, "काका, पेटताना ते लई ओढतं. टाकीतलं पाणी बारीक नळीनं तिसऱ्या मजल्यावर चढत नाय ना, तसं." मग तू मोठा डबा आणलास, जाड वायर टाकलीस, सीटखाली हीटरची वेगळी बॅटरी बसवलीस. धुराची नळी गाडीच्या तळातून बाहेर काढलीस आणि प्रत्येक जोडाला हात लावून बघितलंस. ऑक्टोबरच्या उन्हात, खिडक्या लावून, आपण तिघांनी आत बसून तो चालवून पाहिला. घामानं शर्ट अंगाला चिकटले होते. काकू पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "बाहेर ऊन कमी पडलं का रे?" वैजू इतका हसला की त्याला ठसका लागला.

आणि ते दोघं निघाले तेव्हा तू त्याला बजावलंस, "काही झालं तरी झोपताना खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची." हे मी माझ्या कानानं ऐकलं.

आता मुद्द्याचं लिहितो. मागच्या रविवारी काकू कालिंदीला घेऊन दवाखान्यात गेली होती. बॅटरी उतरली होती, ती मी शेजारच्या कडूबाकडून आदल्या दिवशी भरून घेतली होती. मी गाडीत बसलो आणि हीटरचं बटण दाबलं. पंखा फिरला. टिकटिक सुरू झाली. मी वाट बघत बसलो आणि खरं सांगतो, तो बंद पडावा असं मला वाटत होतं. तो पेटला. गरम हवा आली. मी खाली वाकून पाहिलं, धूर नळीतून बाहेर जात होता, आत कणभर नाही.

तुझा हीटर चालतो, लक्ष्मण. तू केलास तसाच.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तूही सध्या बोलू नकोस. का, ते पुढं लिहीन. जेवत जा.

तुझा,
रामकिसनकाका


पुंडलिकनगर
३ मार्च २०२४

चिरंजीव लक्ष्मण,

अनेक आशीर्वाद. तुझी चिठ्ठी द्वारकाबाईंनी आणून दिली. एवढ्या मोठ्या पत्राला एकच ओळ लिहिलीस, "काका, हीटर चांगला आहे तर मग कशानं?" मी ती ओळ खिशात घेऊन फिरतोय.

उन्हं तापायला लागलीत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, ते भरण्यात एक अख्खी सकाळ जाते. काकू आता चहा तीनच कप टाकते. हे बरं लक्षण म्हणायचं की वाईट, मला कळत नाही. कालिंदीनं परवा स्वतःहून भाकरी थापल्या. काकूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दोघी एकमेकींच्या आधारानं उभ्या आहेत, एकीनं हात काढला तर दुसरी पडेल.

हे सगळं मी टाळाटाळ म्हणून लिहितोय, तुला कळत असेल.

आम्ही तिकडं पोचलो तेव्हा वैजूला बघून मी कालिंदीकडं गेलो. ती दवाखान्यात होती. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढून तिनं माझा हात धरला आणि सांगितलं. ते असं की, वैजू दिवसभर बर्फातून गाडी चालवून दमला होता, अंगात कणकण होती. जेवून तो मागं आडवा झाला. हीटर चालू होता. त्या पंपाची टिकटिक डोक्याशीच होती, वैजू सारखा कूस बदलत होता. ही रस्त्याकडेच्या चहावालीकडं गेली. त्या बाईनं तिला पेटलेल्या कोळशांची शेगडी दिली. तिकडं लोक खोलीत ठेवतात म्हणे. हिनं शेगडी आत आणली, हीटर बंद केला आणि वारा येतो म्हणून खिडकी लावून घेतली. निखारे लाल होते, धूर काही नव्हता. हिला वाटलं धूर नाही म्हणजे धोका नाही. वैजू शांत झोपला, म्हणून हीसुद्धा झोपली.

हिला उलटी झाली म्हणून जाग आली. दारापर्यंत सरपटत गेली, दार उघडलं आणि बाहेर बर्फात पडली. लोक आले तोवर आत वैजू गेलेला होता. चहावाली घाबरली, तिनं आपली शेगडी उचलून नेली. पोलिसांना गाडीत फक्त हीटर दिसला. त्यांनी तेच लिहिलं आणि तेच गावभर झालं.

"मामा, मी मारलं त्यांना," असं ती म्हणाली. मग म्हणाली, "मला कशाला बाहेर काढलं." मी तिला म्हणालो, "हे आता कोणापाशी बोलू नकोस. आईंपाशी तर नकोच." तिनं मान हलवली. ती आमच्याकडं आल्यापासून घराबाहेर पडलेली नाही. लोक तुला काय म्हणतात ते तिच्या कानावर गेलेलं नाही. मी जाऊ दिलेलं नाही.

आता तू मला विचारशील की काका, मग माझं काय.

लक्ष्मण, मी कुठल्या तोंडानं लिहू. तुला सोडवायचं तर तिला लोकांच्या तोंडी द्यावं लागतं. काकूचा राग तू पाहिलास. तुला ती दारातून घालवून देऊ शकली. तू बाहेरचा, तुला जायला मामाचं शेत होतं. हिला ती तसं बोलली तर ही त्याच दिवशी काहीतरी करून घेईल, मला त्याची धास्ती आहे. मी स्वयंपाकघरातलं रॉकेलसुद्धा काढून टाकलंय. एक गेला, दुसरी माझ्यासमोर जायला नको.

म्हणून मी तुझ्याकडं मागतोय. थोडे दिवस गप्प राहा. लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. तू काही केलं नाहीस हे तुला ठाऊक, मला ठाऊक. तेवढ्यावर तू तग धरशील असं मला वाटतं, कारण तू लहानपणापासून सोसणारा आहेस. वैजू पडला तरी रडून गल्ली गोळा करायचा. तू गुडघा फुटला तरी पँट खाली ओढून घरी जायचास.

मी काय मागतोय हे मला कळतं. नाही म्हणायचा तुला हक्क आहे. नाही म्हणालास तर मी समजून घेईन.

तुझा,
काका


पुंडलिकनगर
२८ एप्रिल २०२४

लक्ष्मण,

हे पत्र तुला कधी मिळेल ते माहीत नाही. द्वारकाबाईंनी तुझ्या बोअरवेलच्या मालकाचा पत्ता दिला, त्या पत्त्यावर टाकतोय. तू बोअरच्या गाडीवर तेलंगणात गेलास हे मला तिच्याकडूनच कळलं. जाताना तू सगळी हत्यारं विकलीस, मीटरसुद्धा ठेवलं नाहीस, असंही ती म्हणाली.

माझ्या मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. मी मनाशी ठरवून टाकलं की तुझा होकार आहे. तू खरंच गप्प राहिलास. आपल्या आईलासुद्धा बोलला नाहीस. हे मला त्या दिवशी कळलं.

गुढीपाडवा होऊन गेला होता. आम्ही गुढी उभारली नाही. दुपारी द्वारकाबाई आली आणि थेट काकूसमोर जाऊन खाली बसली. म्हणाली, "आशाबाई, माझ्या पोराचं ठरलेलं लग्न मोडलं. पोरीचा बाप म्हणतो, ज्याच्या हातानं मित्र मेला त्याला कशी देऊ. तुम्ही एक शबुद बोला. तुम्ही माफ केलं म्हणलात तर लोक ऐकतेल."

काकूनं तोंड फिरवलं. मी खुर्चीवर होतो. मला तेव्हा बोलता आलं असतं, लक्ष्मण.

कालिंदी आत गहू निवडत होती. ती बाहेर आली, हातात सूप तसंच होतं. तिनं विचारलं, "लक्ष्मणभाऊजींच्या हातानं म्हणजे? त्यांना कोण काय म्हणतंय?"

द्वारकाबाई म्हणाली, "सारं गाव म्हणतंय, बाई. तुला ठाव नाय व्हय?"

कालिंदीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या लगेच लक्षात आलं. ती खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. शेगडी, खिडकी, बंद केलेला हीटर. आवाज चढवला नाही, रडली नाही. मधे एकदा सूप बाजूला ठेवलं, तेवढंच.

मी काकूकडं बघत होतो. इतके दिवस मी ज्या घडीला भीत होतो ती समोर आली होती. मी उठून उभा राहिलो, मधे पडायला. काकू जागची उठली, कालिंदीजवळ गेली आणि तिला जवळ ओढून घेतलं. म्हणाली, "तुला काय ठाव, बाई. तुला कोणी सांगितलं होतं." मग काकूनं मला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

मी हो म्हणालो.

ती म्हणाली, "त्या पोराला मी दारात तसं बोलले. तेव्हा ठाऊक होतं?"

मी हो म्हणालो.

"तुम्ही शेजारी उभे होता," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. ताट वाढते, निघून जाते.

द्वारकाबाई जाताना दारात थांबली. मला वाटलं ती शिव्या देईल. तिनं दिल्या नाहीत. म्हणाली, "दादा, तुमची सून ती सून. आन् माझं लेकरू काय उकिरड्यावर सापडलं होतं?" एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली.

बत्तीस वर्षं मी ज्या बाईबरोबर संसार केला तिला मी ओळखलं नाही, ही एक गोष्ट. मला वाटलं ती सुनेला खाऊन टाकेल. तिच्यात एवढी जागा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर ती तेव्हाही असंच वागली असती. म्हणजे तू जे सोसलंस त्याचा कोणालाच उपयोग नव्हता. कालिंदीला वाचवायला म्हणून मी तुला लोकांच्या तोंडी दिलं, आणि तिला वाचवायची गरजच नव्हती. हा हिशेब मी उठता-बसता करतो. तो कुठूनही मांडला तरी तसाच येतो.

दुसऱ्या दिवशी मी औरंगपुऱ्यात गेलो. तुझ्या बंद दुकानासमोर उभं राहून शेजारच्या टायरवाल्याला, टपरीवाल्याला, जो भेटेल त्याला सांगितलं. हीटर चांगला होता, लक्ष्मणचा दोष नव्हता, कोळशाची शेगडी होती. टपरीवाल्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असं व्हय. पण काका, हीटर चांगला असता तर शेगडी कशाला लागली असती?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो गिऱ्हाइकाला चहा द्यायला वळला. माझी कीव आल्यासारखं दोघातिघांनी मान हलवली. त्यांना वाटलं म्हातारा पोराच्या मित्राला पाठीशी घालतोय. तुझ्या ठरलेल्या सासरवाडीच्या लोकांकडंही गेलो. मुलीचा बाप भला माणूस आहे, पाणी दिलं, बसवलं. म्हणाला, "रामकिसनराव, खरं असेल तुमचं. पण तिचं आता दुसरीकडं ठरलंय."

ती बातमी पसरायला एक दिवस लागला होता. मागं घ्यायला मी रोज जातो, आणि लोक मला बघून विषय बदलतात.

कालिंदी गेली. कोणी घालवलं नाही. काकूनं तिला दोनदा अडवलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही चांगल्या वागता, त्यानं मला जास्त होतं." तिचे वडील न्यायला आले. जाताना माझ्या पाया पडली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मामा, मला विचारायचं होतं तुम्ही. मी सांगितलं असतं." रिक्षा वळेपर्यंत काकू फाटकाशी उभी होती. आता घरात दोन माणसं आहेत आणि तीही दोन खोल्यांत.

तुला परत ये असं मी लिहीत नाही. कशाला येशील. तुझ्या दुकानाच्या गाळ्यात आता कोणी मोबाइलची कव्हरं विकतो. तुझा मित्र नाही. ज्या घरात तू अर्धं बालपण जेवलास त्या घरात तुझ्यासाठी कोणी तोंड उघडलं नाही, आणि ज्याचं काम होतं तो मी होतो. वैजू असता तर त्यानं माझी गचांडी धरली असती. तो तुझ्यासाठी शाळेत मार खायचा.

बोअरच्या गाडीवर जपून राहा. तिकडं ऊन फार आहे, आणि ती माणसं पाइप उतरवताना घाई करतात असं ऐकतो. दुपारी सावलीला बसत जा. आईला फोन करत जा. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस, तिला शेवटपर्यंत काही माहीत नव्हतं.

पत्र संपवताना काकूच्या खोलीच्या दाराशी जाऊन विचारलं, लक्ष्मणला लिहितोय, तुझं काही लिहू का. मी वळलो तेव्हा म्हणाली, "लिहा, म्हातारी तुझ्या पाया पडते म्हणावं." त्या दिवसापासून माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. तिचं होतं तसं लिहिलं.

माझं काय लिहू ते सुचत नाही. माफी मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून ती मागत नाही. देऊ नकोस.

वैजूचा बाप,
रामकिसन